अत्तराची परीक्षा, घरच्या घरी
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



मी अत्तरांचा व्यापारी नाही आणि वैद्यही नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे इंजिने, तेल आणि ग्रीस यांच्याच सहवासात आहे. तरीही आज अत्तरावर बोलायला उभा आहे, त्याला कारण आपली समितीच. आपल्याकडे आरतीनंतर पाहुण्यांना पानसुपारी आणि अत्तर-गुलाब देण्याची जुनी रीत आहे. मागच्या वर्षी बैठकीत खर्चाचा विषय निघाला. काही जण म्हणाले, "स्वस्तातले घ्या, पाहुण्यांना काय कळते?" दुसऱ्यांचे म्हणणे, "देवापुढे ठेवायचे तर अस्सलच हवे." वाद रंगला आणि शेवटी सर्वांची नजर माझ्याकडे वळली. "तुम्ही इंजिनियर, तुम्हीच तपासा." असे हे काम माझ्याकडे आले. ते कसे केले, काय निघाले आणि अत्तर शोधताना भलतेच काय सापडले, ते आपल्यासमोर ठेवतो.

आपला मुलूख आणि अत्तर

आपण काशीकर अत्तराच्या मुलखातच राहतो. एका बाजूला जौनपूर, दुसऱ्या बाजूला गाजीपूर, दोन्ही गावे सुगंधासाठी जुन्या काळापासून नावाजलेली. गाजीपूरच्या गुलाबबागांची कीर्ती ऐकून रवींद्रनाथ ठाकूर १८८८ साली तेथे राहायला आले होते आणि 'मानसी' संग्रहातील अनेक कविता त्यांनी तेथेच लिहिल्या. चैत्रातली आपली गुलाबबाडी तर सर्वांना ठाऊकच आहे. आणि या सर्वांचे माहेरघर म्हणजे कन्नौज. कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे.

हे शास्त्र किती जुने आहे पाहा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'गंधयुक्ति' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडली तर किती प्रकार होतात याचा हिशेब त्यात दिला आहे, आणि उत्तर आहे १८२०. आम्ही शाळेत गणितात हेच शिकलो, पण ते अत्तराच्या पोथीत दीड हजार वर्षांपूर्वीचे आहे हे कोणी सांगितले नव्हते. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी गंधशास्त्रावरच्या हस्तलिखितांचा अभ्यास करून ती प्रकाशात आणली. त्यात 'गंधसार' आहे आणि 'गंधवाद' नावाचा एक ग्रंथ तर चक्क मराठी टीकेसह आहे.

देग आणि भपका

अत्तर कसे बनते ते थोडक्यात सांगतो, कारण भावाचे सगळे रहस्य त्यातच आहे. तांब्याच्या मोठ्या हंड्याला 'देग' म्हणतात. त्यात फुले आणि पाणी घालून झाकण माती आणि कापसाने लिंपून बंद करतात. खाली लाकडाची किंवा गोवऱ्यांची आच. देगेतून बांबूची नळी निघते, ती 'चोंगा'. ती दुसऱ्या भांड्यात जाते, तो 'भपका'. भपका पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो, म्हणजे आलेली वाफ थंड होते. रेल्वेच्या भाषेत बोलायचे तर बॉयलर, पाइप आणि कंडेन्सर. फरक एवढाच की येथे दाबमापक नाही. आच किती ठेवायची आणि भपका कधी बदलायचा, हे कारागीर हाताने आणि कानाने ठरवतो.

भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. फुलांचा सुगंध त्या तेलात उतरतो. फुलांचा सुगंध उडून जाणारा, चंदन त्याला धरून ठेवते. अशा तेलाला 'अत्तर' म्हणायचे. चंदन न घालता नुसत्या फुलांचे किंवा मुळांचे तेल काढले तर ते 'रूह'. पुढे चंदन दुर्मीळ आणि महाग झाले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी द्रव पॅराफिन वापरू लागले. तेव्हा दुकानात "अस्सल आहे का?" एवढेच विचारून भागत नाही. "रूह आहे की अत्तर, आणि अत्तर असेल तर आधार कशाचा?" असे विचारावे.

आता साधे गणित करू. एक किलो गुलाबाच्या तेलाला साधारण साडेतीन टन फुले लागतात. म्हणजे दहा ग्रॅमला पस्तीस किलो. पस्तीस किलो फुलांचा भाव आपल्या फूलवाल्याला विचारा आणि मग शंभर रुपयांत 'रूह गुलाब' देणाऱ्या दुकानदाराकडे जा. नाकाने काही तपासायच्या आधीच निम्मी परीक्षा येथे होते.

परीक्षेची पद्धत

आमच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाच्या वंगण तेलाचा एक थेंब गाळणकागदावर टाकून त्याचा डाग कसा पसरतो ते पाहण्याची रीत आहे. मधे काजळीचा काळा ठिपका, भोवती कडी. डाग पाहून अनुभवी माणूस तेलाची प्रकृती सांगतो. तीच कल्पना मी घरी आणली. गाळणकागदाच्या पट्ट्या कापल्या. गुलाब, खस, केवडा, बेला, हिना आणि मिट्टी अशी सहा अत्तरे, प्रत्येकाचे दोन नमुने, एक स्वस्त आणि एक महाग. दुकानांची नावे येथे सांगत नाही, कारण नऊ नाकांच्या जोरावर कोणाची अब्रू काढणे योग्य नव्हे.

परीक्षेला घरचे, शेजारचे आणि मित्र मिळून दहा जण बसलो. माझी मुलगी दहावीत आहे. तिने बाटल्या झाकून आकडे घातले आणि यादी स्वतःजवळ ठेवली, म्हणजे कोणता आकडा कशाचा हे मलाही ठाऊक नव्हते. हे फार महत्त्वाचे आहे. किंमत कळली की नाक लगेच किमतीच्या बाजूने बोलू लागते.

पद्धत अशी. एका माणसापुढे तीन पट्ट्या, त्यातल्या दोन एकाच नमुन्याच्या आणि एक वेगळ्या. वेगळी कोणती ते सांगायचे. डोळे मिटून बोट ठेवले तरी तिघांत एकाचे उत्तर बरोबर येणारच, म्हणजे नऊ जणांत तिघे नुसत्या नशिबाने पास. म्हणून मी नियम केला की सहा किंवा अधिक जणांनी ओळखले तरच फरक खरा मानायचा. एका बैठकीत चारपेक्षा जास्त वास नाहीत, कारण नाक थकते. मधे कॉफीच्या बिया हुंगा असे पुष्कळ जण सांगतात, पण गच्चीवर जाऊन मोकळी हवा घेतली तरी तेवढेच काम होते. प्रत्येक पट्टी तीनदा हुंगायची, लगेच, अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी.

काय निघाले

गुलाबाच्या दोन नमुन्यांतला फरक सात जणांनी ओळखला. पण "यातले चांगले कोणते?" असे विचारल्यावर पाच जणांनी स्वस्ताकडे बोट दाखवले! कारण ते पहिल्या क्षणी घमघमते. सकाळी त्याच पट्ट्या पुन्हा दिल्या तेव्हा स्वस्तात साबणासारखा वास उरला होता आणि महागाच्या पट्टीवर गुलाबाखाली चंदन लागत होते. मग बहुतेकांनी मत फिरवले. दुकानात आपण अर्ध्या मिनिटात पसंती देतो, तेथेच फसतो.

खसची गोष्ट उलट निघाली. एक नमुना दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीचा, पण वेगळी पट्टी ओळखणारे फक्त चार. म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. तेथे जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. बाटलीतला हिरवा रंग पाहून काहींना शंका आली होती, पण तांब्याच्या देगेत काढलेल्या खसला हिरवट छटा येतेच.

केवड्याला मुलांनी एकमुखाने "मिठाई" म्हटले, आणि आईला हरतालिकेची पूजा आठवली. नाक एकच, पण आठवणी ज्याच्या त्याच्या. येथे एक लक्षात ठेवावे. शंकराला केतकी वर्ज्य आणि गणपतीच्या पत्रीत केवडा मानाचा. तेव्हा काशीत केवड्याचे अत्तर कोणत्या देवळात न्यायचे हे पाहून घ्यावे.

मिट्टीच्या अत्तराने सर्वांना गप्प केले. भाजलेली माती देगेत घालून हे अत्तर काढतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येणाऱ्या मृद्गंधावर १९६४ साली ऑस्ट्रेलियाच्या दोन शास्त्रज्ञांनी, इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी, निबंध लिहिला आणि त्याला 'पेट्रिकोर' हे नाव दिले. आपल्या उत्तर प्रदेशात हा गंध तेलात धरून विकतात, याची नोंद त्यांनीही घेतली होती.

कागदाच्या डागाबद्दल एक खुलासा. रूह पूर्ण उडून गेली तर कागदावर तेलकट डाग जवळजवळ राहत नाही, पॅराफिनचा राहतो. पण चंदनाचे तेलही दिवसचे दिवस रेंगाळते. त्यामुळे डाग पाहून रूहीतली भेसळ कळू शकते, अत्तराचा निकाल लागत नाही. पक्की परीक्षा प्रयोगशाळेतच होते. कन्नौजला त्यासाठी सुगंध आणि सुरस विकास केंद्र ही सरकारी संस्था आहे.

दहावे उत्तर

दहा जण बसलो आणि हिशेब नऊ जणांचाच सांगितला, हे आपल्या लक्षात आले असेल. दहावी माझी आत्या. वय शहात्तर, याच मोहल्ल्यात जुन्या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते. तिच्यापुढे गुलाबाच्या तीन पट्ट्या ठेवल्या, तर म्हणाली, "अरे, तिन्ही कोऱ्याच दिल्यास का?" आम्ही हसलो. मग खस दिले, मिट्टी दिले. तेच उत्तर. मुलीने स्वयंपाकघरातून हिंग आणला, कापूर आणला, लवंग कुटून आणली. आत्याला कशाचाच वास येईना. कधीपासून ते तिलाही सांगता येईना. "जेवणाला चव नाही, म्हणून मीठ वाढवते," एवढेच म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात अत्तर राहिले नाही. गॅस सिलिंडर आला. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. सगळी भिस्त घरातल्या माणसाच्या नाकावर. आणि ते नाकच बंद असेल तर? त्याच संध्याकाळी तिच्या घरी जाऊन पाहिले, तर शेगडीच्या नळीला चिरा पडल्या होत्या. नळी बदलली आणि गळती सांगणारे भोंग्याचे यंत्र बसवले. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून यंत्र जमिनीजवळ बसवावे. पाइपाने येणारा गॅस मात्र हलका, त्याचे यंत्र छताजवळ.

पुढे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवले. वास जाण्याची कारणे अनेक आहेत. वय, नाकातली सूज, आणि २०२० नंतर आपण सर्वांनी पाहिलेला कोरोना. कधी कधी कंपवाताची ती फार आधीची खूण असते, म्हणून दुर्लक्ष करू नये. डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. जर्मनीत ड्रेस्डेनचे डॉ. थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगायचे, निदान बारा आठवडे. परीक्षेतले उरलेले गुलाबाचे अत्तर आता आत्याच्या फडताळात आहे. लवंगेचा थोडा अंदाज येतो असे ती म्हणते. बाकीचे अजून नाही. व्यायाम चालू आहे.

समितीपुढे

आता माझा अहवाल. पाहुण्यांसाठी मध्यम किमतीचे खस घ्यावे, त्यात पैसे वाया जात नाहीत. देवासाठी थोडेसेच, पण चंदनाच्या आधाराचे गुलाब घ्यावे, आणि तेही पक्के बिल आणि आधाराचे नाव लिहून देणाऱ्याकडून. पट्टी एक रात्र घरी ठेवून मगच पसंत करावे. अत्तर लावताना आधी विचारावे. लहान मुले, दमेकरी आणि ज्यांच्या कातडीला खाज सुटते त्यांना आग्रह करू नये.

दुसरी विनंती अत्तराहून मोठी आहे. या गल्ल्यांत आपली पुष्कळ घरे अशी आहेत की मुले पुण्या-मुंबईला, परदेशात, आणि येथे एकटी आई, एकटे काका. आज घरी गेल्यावर त्यांच्यापुढे डोळे मिटायला सांगून हिंग, कापूर आणि लवंग धरा. पाच मिनिटांचे काम आहे. वास आला तर आनंद आहे. न आला तर डॉक्टरांकडे न्या आणि गॅसची नळी त्याच दिवशी तपासा. नळी तपासायला कोणी नसेल तर मला हाक मारा. रेल्वेतून सुटलो की मी येतो.



गणपती बाप्पा मोरया!