अ‍ॅपचे कॅपिटल रिपेअर

भिलाईत ‘कॅपिटल रिपेअर’ म्हणजे काय, हे पोलाद कारखान्याचे फाटक कधी न ओलांडलेल्यालाही ठाऊक असते. झोतभट्टी वर्षानुवर्षे पेटलेली राहते, आतले विटांचे अस्तर झिजत जाते आणि एक दिवस भट्टी थंड करून ते सगळे नव्याने बांधावे लागते. संगणकावरच्या मोठ्या प्रोग्रॅमांनाही हे चुकत नाही. त्यांना भट्टी थंड करण्याची सवड मात्र नसते, कारण वापरणारे रोज कामाला बसलेलेच असतात.

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींची खिडकी, बटण, अक्षर रेखाटण्याची रीत वेगवेगळी. एकच प्रोग्रॅम तीनदा लिहिणे लहान गटांना परवडत नाही. म्हणून मध्ये एक फ्रेमवर्क असते: जीटीके, क्यूटी, इलेक्ट्रॉन. प्रोग्रॅम त्याच्याशी बोलतो आणि ते तिन्ही यंत्रणांशी बोलते. हे फ्रेमवर्क बदलले की वर उभे असलेले सारे हलते.

चित्रे आणि छायाचित्रे हाताळणाऱ्या ‘गिम्प’ची कथा या बाबतीत फार बोलकी आहे. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९०च्या दशकात तो लिहिला. आधी त्यांनी ‘मोटिफ’ वापरले. पण ते मुक्त नव्हते, म्हणून स्वतःचेच टूलकिट रचले. त्याचे नाव ‘गिम्प टूलकिट’, म्हणजेच जीटीके. पुढे याच जीटीकेवर लिनक्सचा ‘ग्नोम’ हा सबंध डेस्कटॉप उभा राहिला. जीटीके ३ फेब्रुवारी २०११मध्ये आले. ज्याच्यासाठी जीटीके जन्मले तो गिम्प त्यावर पोहोचला १६ मार्च २०२५ला, ३.० आवृत्तीत. मधल्या काळात, डिसेंबर २०२०मध्ये, जीटीके ४ही येऊन गेले होते.

चौदा वर्षे! याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. काम करणारे मोजके स्वयंसेवक, आणि त्यांनी याच काळात चित्रांवर प्रक्रिया करणारे आतले इंजिनही बदलून घेतले. ते २०१८च्या २.१० आवृत्तीत दिसले. पण किंमत वापरणाऱ्यांनी मोजली. दाट पिक्सेलच्या नव्या पडद्यांशी गिम्पचे नीट जुळेना. शेवटी अपग्रेड झाले तेव्हा जुने प्लगइन चालेनात. ज्याने त्याने आपापले प्लगइन नव्या रीतीने दुरुस्त करायचे होते. साचलेले बदल असे एकदम अंगावर येतात.

इलेक्ट्रॉनचा नेम याच्या उलट. गिटहबने ‘अ‍ॅटम’ या एडिटरसाठी २०१३मध्ये ‘अ‍ॅटम शेल’ सुरू केले, २०१५मध्ये त्याचे नाव इलेक्ट्रॉन झाले. अ‍ॅटम डिसेंबर २०२२मध्ये बंद झाला; इलेक्ट्रॉनवर मात्र स्लॅक, सिग्नल आणि मायक्रोसॉफ्टचा एडिटर व्हीएस कोड चालतात. यातले प्रत्येक अ‍ॅप क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियम ब्राउझरची स्वतंत्र प्रत पोटात बाळगते. त्यामुळे सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा क्रोम अपडेट करून भागले नाही. अशा प्रत्येक अ‍ॅपच्या गटाला दुरुस्त इलेक्ट्रॉन घेऊन नवी आवृत्ती काढावी लागली. इलेक्ट्रॉनची मोठी आवृत्ती दर आठ आठवड्यांनी येते आणि शेवटच्या तीनच आवृत्त्यांना आधार मिळतो. म्हणजे वर्षभर स्वस्थ बसलेला गट सुरक्षेच्या कवचाबाहेर गेलेला असतो.

व्हीएस कोडच्या गटाने जे केले ते मनापासून वाखाणण्यासारखे आहे. पूर्वी इलेक्ट्रॉनच्या खिडकीतला कोड थेट संगणकाच्या फायलींना हात घालू शके. ही मोकळीक धोक्याची, म्हणून इलेक्ट्रॉनने ती टप्प्याटप्प्याने आवळली; आवृत्ती २०पासून खिडकी सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त कप्प्यात, ठेवणे हीच मूळ रीत झाली. व्हीएस कोडने हे काम २०२०मध्ये हाती घेतले. फायली, टर्मिनल, एक्स्टेन्शन अशी एकेक जबाबदारी खिडकीतून काढून वेगळ्या प्रोसेसकडे दिली. काही वर्षे हे चालले आणि त्या काळात दर महिन्याची आवृत्ती निघतच राहिली.

मराठी लिहिणाऱ्यांच्या थेट उपयोगाचे उदाहरण ‘लिब्रेऑफिस’ या मुक्त ऑफिस-संचाचे. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह, ‘कीर्ती’तला रफार, अक्षराआधी येणारी ऱ्हस्व वेलांटी, हे सारे जागेवर बसवण्याचे काम आतले मजकूर-इंजिन करते. पूर्वी लिब्रेऑफिस हे काम विंडोजवर विंडोजच्या आणि मॅकवर मॅकच्या इंजिनाकडून करून घेई. त्यामुळे एकाच फाइलची मांडणी दोन संगणकांवर वेगळी पडू शके. फेब्रुवारी २०१७च्या ५.३ आवृत्तीत तिन्हीकडे ‘हार्फबझ’ हे एकच इंजिन आले. बाहेर एकही नवे बटण दिसले नाही, पण मराठी दस्तऐवज तयार करणाऱ्यासाठी इतर कोणत्याही सजावटीपेक्षा हा बदल मोठा.

अशा बदलांच्या कामात ज्यांचे यंत्र जुने, त्यांचा विचार मात्र हमखास मागे पडतो. इलेक्ट्रॉन २३ने २०२३मध्ये विंडोज ७चा आधार काढला, कारण क्रोमियमनेच तो सोडला होता. फेब्रुवारी २०२४मध्ये व्हीएस कोड १.८६ आला आणि उबुंटू १८.०४ किंवा सेंटओएस ७ चालवणाऱ्या दूरच्या सर्व्हरांशी त्याचा संपर्क तुटला. त्याला हवी असलेली ग्लिबसी २.२८ ही लायब्ररी तिथे नव्हती. असे सर्व्हर बदलणे त्यावर काम करणाऱ्याच्या हातात अनेकदा नसते. तक्रारींचा ओघ सुरू झाला, तेव्हा काही दिवसांतच १.८६.१ काढून मायक्रोसॉफ्टने जुन्या सर्व्हरांना बारा महिन्यांची मुदत दिली. ही मुदत आधीच जाहीर करून मग पाऊल उचलायला हवे होते.