पाचगणीत मिळालेलं नाव

आजची गोष्ट एका नावाची.

माझं नाव ज्ञानेश्वर, पण ऑफिसच्या कॉलवर मी 'डॅन'. क्लायंटला नाव उच्चारता येईना, तेव्हा मीच म्हटलं, डॅन म्हणा. एकदा घरी स्पीकरवर कॉल सुरू होता. आजीने विचारलं, "हा डॅन कोण रे?" मला काही बोलताच येईना.

मी वाईचा. आमच्याकडून पसरणी घाट चढला की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत 'क्वीन' बँडचा फ्रेडी मर्क्युरी शिकला, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं!

त्याचं मूळ नाव फारुख बलसारा. जन्म १९४६ चा, झांझिबारमधला. आईवडील गुजरातकडचे पारशी. आडनाव बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. लहानपणी रीतसर नवजोत झाली. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या बोर्डिंगला पाठवलं. तिथे तो पियानो शिकला, मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. आणि 'फ्रेडी' हे नाव? तेही शाळेतल्या मित्रांनीच पाडलं. म्हणजे मला पक्कं इंग्रजी वाटणारं नाव आमच्या सातारा जिल्ह्यातलं निघालं!

१९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढे त्याने हीथ्रो विमानतळावर सामान उचलायचं कामही केलं. १९७० मध्ये 'क्वीन' सुरू झाला आणि 'बलसारा'चा 'मर्क्युरी' झाला.

मुलाखतींत तो झांझिबार, भारत यांबद्दल फारसं बोलायचा नाही. मी आधी म्हणायचो, ओळख लपवली याने. पण त्या काळी आपल्यासारख्या रंगाच्या पोरांना तिथे काय काय ऐकून घ्यावं लागायचं! आणि मी तर नुसत्या एका कॉलसाठी नाव बदललं होतं. मी कोण त्याला नावं ठेवणारा?

२४ नोव्हेंबर १९९१ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी, एड्समुळे तो गेला. लंडनमध्ये त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. जगासाठी मर्क्युरी असलेला माणूस शेवटी घरच्या प्रार्थनांच्या सोबतीने गेला.

हे वाचलं आणि मी प्रोफाइलवर पूर्ण नाव टाकलं. क्लायंट आता अडखळत का होईना, 'ग्यानेश' म्हणतो. जुने टीममेट अजून डॅनच म्हणतात, म्हणू देत. आजीला मात्र सांगून टाकलं, "आजी, डॅन म्हणजे मीच."

ती म्हणाली, "मग आधी जेवून घे, डॅन."

तुमचंही असं ऑफिसातलं नाव आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!