होडी पाण्यात उतरविण्यापूर्वी



मृग नक्षत्र जवळ आले की आपल्याकडे कामांची एकच घाई उडते. कौले चाळावयाची, सरपण आणि कडबा आडोशाला टाकावयाचा, बांध नीट करावयाचे, बी-बियाणे पाहावयाचे. ह्या यादीत एक काम मात्र सहसा कोणी धरीत नाही. कृष्णा, वारणा, पंचगंगा ह्या नद्यांच्या काठी बऱ्याच गावांत आता महापुरासाठी यांत्रिक होडी असते. फायबरची, पिछाडीला इंजिन लावलेली. लोक तिला बोटच म्हणतात. ती दोन चाकांच्या लोखंडी गाड्यावर चढवून ठेवलेली असते, म्हणजे ट्रॅक्टरला किंवा जीपला जोडून हवी तिथे नेता यावी. पूर ओसरला की ही होडी ताडपत्रीखाली जाऊन बसते, आणि पुढच्या पुराची आरोळी येईपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही. कोंबड्यांना तेवढी असते. त्या तिच्यात अंडी घालतात.

आज ह्या होडीविषयी बोलावयाचे आहे. तुम्ही म्हणाल, होडी पाण्यात ढकलायला काय शास्त्र लागते? आपल्या वाडवडिलांनी गुळाच्या काहिलीत बसून भरल्या नद्या ओलांडल्या की! अगदी खरे. पण काहिलीला ना बूच, ना पंखा, ना चाके. चार माणसांनी उचलून ती पाण्यात ठेवली की झाले. गाड्यावरची होडी उतरविताना तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात: उतारावर उभा असलेला ट्रॅक्टर, चाकांवरचा भार, आणि हलकेच तरंगू लागलेली होडी. तिन्हींची वागण्याची रीत निराळी. शिवाय मागे ‘लवकर करा’ म्हणून ओरडणारी माणसे असतात. म्हणून माझे सांगणे एवढेच, की पाण्याच्या कडेला करावयाचे काम जितके थोडे उरेल तितके बरे. बाकीचे सारे कोरड्यात उरकावे.

कोकणातल्या दर्यावर्दी माणसाचे पाहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ह्या दोन महिन्यांत तो होड्या ओढून वर घेतो, डागडुजी करतो, आणि पाऊस नरमला की त्या पुन्हा पाण्यात लोटतो. त्याच्याजवळ तयारीला वेळ आहे आणि रोजचा सराव आहे. आपली होडी नेमकी उलट्या वेळी पाण्यात जाते. पाऊस कोसळतो आहे, वीज गेली आहे, आणि वर्षातून एकदा तिला हात लावणारी माणसे ती उतरवीत आहेत. तेव्हा तयारी कोकण्यापेक्षा आपल्यालाच जास्त हवी.

२००५, २०१९ आणि २०२१ ह्या तीन सालांचे पूर ह्या खोऱ्यातल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्याच महिन्यात, ८ तारखेला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी होडी उलटली आणि अनेक जण बुडाले. त्यांत बायका होत्या, मुले होती. होडीत तिला झेपतील त्याहून अधिक माणसे बसली होती, हे तेव्हा सर्वत्र छापून आले. त्या भाराचा हिशेब पुढे करूच.

आधी मे महिन्यातले काम. गाड्याची चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहा. चाक खरखरत असेल, हलत असेल, तर बेअरिंग गेले आहे असे समजा. जुने ग्रीस पुसून नवे भरा. पाण्यात बुडणाऱ्या चाकाचे वंगण उसाच्या ट्रॉलीच्या वंगणासारखे वर्षभर टिकत नाही. ह्याचे कारण मोठे मौजेचे आहे. दहा-पंधरा मैल धावून चाकाचा तुंबा तापतो, आतली हवा प्रसरण पावते. तसाच तो गार पाण्यात गेला, की हवा एकदम आकसते आणि फटीतून पाणी आत ओढून घेते. सायकलचा पंप बुडवून दट्ट्या ओढला तर काय होते? तेच. म्हणून नदीजवळ पोचल्यावर लगेच चाके बुडवू नयेत. तुंब्याला हात लावून पाहावा, कोमट झाला असेल तरच पुढे जावे. बाकीची तयारी तेवढ्या वेळात होते, वेळ फुकट जात नाही.

इंजिनही मेमध्येच चालवून पाहावे, पण कोरडे नव्हे. हे इंजिन बाहेरचे पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. कोरडे चालविले तर त्याच्या पंपातली रबरी पाती काही क्षणांत करपते. एका पिंपात त्याचा पाय बुडवावा, न्यूट्रलमध्ये सुरू करावे, आणि अंगातून पाण्याची बारीक पिचकारी बाहेर पडते का ते पाहावे. पिचकारी नसेल तर इंजिन ताबडतोब बंद. गेल्या सालचे पेट्रोल मात्र वापरू नका. ते विटते, आणि असे इंजिन नेमके धारेत बंद पडते.

आता बूच. होडीच्या पिछाडीला, तळाशी एक भोक असते. गाड्यावर असताना पावसाचे पाणी त्यातून निघून जावे म्हणून बूच काढून ठेवतात, आणि ते ठीकच आहे. घोटाळा होतो तो पुढे. बूच कोणाच्या तरी खिशात, कपाटात, नाही तर ग्रामपंचायतीच्या टेबलाच्या खणात राहते, आणि होडी नदीत. माझ्या मते बूच बारीक साखळीने होडीलाच बांधलेले असावे, आणि दुसरे एक किल्लीच्या जुडग्यात.

होडीत पाणी शिरले तर एवढे काय बिघडते? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटर आत आले म्हणजे तीन धडधाकट माणसे येऊन बसली, आणि ती आपल्याला दिसतही नाहीत. वाईट गोष्ट पुढेच आहे. माणसाला ‘हलू नको’ म्हटले तर तो जागी बसतो. पाणी बसत नाही. होडी थोडी डावीकडे कलली की आतले सारे पाणी डावीकडे धावते, आणि होडीला आणखी डावीकडे ओढते. परातीत पाणी भरून डोक्यावर घेऊन चालून पाहा, म्हणजे माझे म्हणणे पटेल.

आता निघण्याचा दिवस आला असे समजा. पाण्यापासून पन्नासेक पावलांवर, सपाट जागी गाडी थांबवावी. इथेच सर्व तयारी. लाइफ जॅकेटे होडीत टाकायची नव्हेत, अंगात घालावयाची, आणि त्यांचे पट्टे आवळावयाचे. ती अंथरून वर बसणारी मंडळी आपण पाहिली आहेत! वल्ही दोन, एक लांब वेळू, पाणी उपसायला डबा, जाड दोर, धारदार सुरी, बॅटरी, शिट्टी. सुरी कशाला? पुराखाली आपला उसाचा फड असतो, तारेचे कुंपण असते, ठिबकच्या नळ्या असतात. उसाचे वाडे आणि दोऱ्या पंख्यात गुंडाळल्या जातात आणि इंजिन अडते. अशा वेळी आधी इंजिन बंद करून मगच पंख्याला हात लावावा.

होडी गाड्याला जखडणारे मागचे पट्टे इथे सोडावेत. गाड्याच्या दिव्यांची वायरही इथेच काढावी. पण पुढचा विंचचा पट्टा आणि त्याबरोबरची साखळी मात्र सोडू नये. बूच लावण्याइतकेच हेही महत्त्वाचे. फायबरचा तळ गुळगुळीत असतो. उतारावर गाडा कलला की होडी पाण्याआधीच जमिनीवर घसरते, आणि मागे जो उभा असेल त्याच्या अंगावर जाते. म्हणून पुढचा पट्टा होडी तरंगू लागेपर्यंत जागचा हलवावयाचा नाही, आणि गाड्याच्या मागे कोणी उभे राहावयाचे नाही, मग तो सरपंच का असेना. इंजिनाचा पाय वर उचलून अडकवावा, नाही तर पंखा जमिनीत रुततो. होडीच्या पुढच्या टोकाला दोर बांधून तो काठावरच्या एका भरवशाच्या माणसाच्या हाती द्यावा. दोर हातात धरावा, हाताला गुंडाळू नये. होडीने हिसका दिला तर बोटे जातात.

जागा कोणती निवडावी? आपल्या नद्यांना धक्के नाहीत, आणि घाटाच्या पायऱ्या पुरात बुडालेल्या असतात. बहुधा पाण्याखाली गेलेला डांबरी रस्ताच उत्तम, कारण त्याच्याखाली खडी आहे. काळ्या रानात ट्रॅक्टर घालू नका, तो तुमच्या होडीआधी अडकून बसेल. रस्त्यावरही एका माणसाने कमरेला दोर बांधून, काठीने चाचपीत पुढे जावे आणि कडा कुठे संपते ते पाहून यावे. पाण्याची धार जिथे थेट लागते तिथे होडी उतरवू नये. घराच्या किंवा बांधाच्या आड निवांत पाणी असते, तेच गाठावे. धारेचा वेग दुप्पट झाला तर तिचा धक्का दुप्पट नव्हे, चौपट होतो. वर विजेच्या तारा आहेत का, हेही मान वर करून पाहावे. जमिनीवरून ज्या तारा उंच दिसतात त्या पुरात होडीतल्या माणसाच्या हाताशी येतात.

गाडा मागे घेणे आपल्या ट्रॅक्टरवाल्यांना शिकवायला नको. कारखान्याच्या वजनकाट्यावर ते रोज तेच करतात. इशारा मात्र एकानेच द्यावा. चार जण चार बाजूंनी ‘घे, घे’ करू लागले की चालकाला काही कळेनासे होते. पिछाडी उचलली जाऊ लागली की ट्रॅक्टर थांबवावा, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगडाची उटी लावावी. एकाने होडीत चढून बुडाशी पाणी येते का ते बघावे. आले, तर होडी अजून गाड्यावर आहे, लगेच वर ओढून घ्या. नसेल तर इंजिन खाली करावे, सुरू करावे, पिचकारी पाहावी. चालकाने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधावी, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप थांबेल. हे सर्व झाल्यावर मग पुढचा पट्टा सोडावा. विंचची मूठ कधीकधी गरकन उलटी फिरते, तिच्या वाटेत मनगट ठेवू नये.

राहिला भाराचा हिशेब. हा मी मुद्दाम शिक्षक मंडळींसाठी ठेवला आहे, कारण आठवीच्या वर्गात तो फळ्यावर मांडता येईल. समजा होडी ४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. पुढे ती निमुळती, म्हणून पाण्यावर टेकणारा तिचा भाग ४ चौरस मीटर धरू. ती १० सेंटिमीटर खाली गेली, तर ०.४ घनमीटर पाणी बाजूला सारते. म्हणजे ४०० लिटर, म्हणजेच ४०० किलो. साठ किलोची सहा-सात माणसे चढली की होडी चार इंच खाली जाते. आणखी तितकीच चढली की आणखी चार इंच. काठ पाण्यापासून किती उरला, ते मुलांनीच सांगावे. पुरात माणूस एकटा येत नाही, हेही त्यांना सांगा. गाठोडे येते, शेळी येते, धान्याचे पोते येते. होडीवर किती जण बसावेत तो आकडा रंगवलेला असतो. तो पुसट झाला असेल तर शाळेच्या रंगानेच उन्हाळ्यात पुन्हा ठळक करून घ्या. होडीवाल्याला गर्दीतून ‘नाही’ म्हणावे लागते, तेव्हा रंगवलेल्या आकड्याचा त्याला आधार होतो. ज्या गावात गुरुजींचा शब्द चालतो, तिथे काठावर उभे राहून माणसे मोजण्याचे काम गुरुजींनीच घ्यावे, असे मला वाटते.

शिक्षकांना आणखी एक सांगतो. ही सगळी तयारी एका कागदावर लिहून तो होडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने त्या त्या वस्तूला हात लावून ‘आहे’ म्हणावे. नुसते बघून नव्हे, हात लावून. जूनमध्ये एखाद्या रविवारी तळ्यावर किंवा नदीच्या संथ डोहावर पोरांसमोर एकदा होडी उतरवून दाखवा. सांगलीकडच्या पोरांना होड्यांच्या शर्यतींचे वेड आहेच, ती काठावर आपणहून जमतील.

आणि होडी निघून गेली म्हणजे मागे राहिलेल्या गाड्याकडे लक्ष असू द्या. तो तिथेच कडेला ठेवून चहाला जाऊ नका. पाणी वाढते आहे की उतरते आहे हे कळावे म्हणून कडेला एक काठी रोवून तिच्यावर खूण करा, आणि गाडा चांगला वर, उंचावर नेऊन ठेवा. होडी रात्री परत येईल तेव्हा काठ सकाळच्या जागी नसेल. दोराचे टोक ज्याच्या हाती होते त्याच माणसाने बॅटरी घेऊन नव्या काठावर उभे राहावे आणि ती हलवीत राहावे.