मागच्यांचा हिशेब



आमची शाळा सातवीपर्यंतची. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून झाले. तरीही आज आम्ही बोलणार आहोत ते आपोआप चालणाऱ्या मोटारीविषयी.

गळीत हंगामात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर उभे राहा. उसाचा एक ट्रॅक्टर थबकतो, मागचा ट्रक ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा अधिक जोराने दाबतो, आणि दूर मागे एसटी जागच्या जागी ठप्प होते. अपघात नाही, अडथळा नाही, तरी कोंडी होते. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वर्तुळाकार रस्त्यावर २२ मोटारी फिरवून हेच दाखवून दिले.

ही लाट मोडावी म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल शहराच्या महामार्गावर, ऐन गर्दीत, १०० मोटारी सोडल्या गेल्या. स्टिअरिंग माणसाच्या हाती, वेग राखणे यंत्राकडे. यंत्राला शिकवण्याची रीत अशी : संगणकातल्या रस्त्यावर त्याला पुन्हा पुन्हा चालवायचे, बरे वागले की गुण द्यायचे, चुकले की कापायचे.

आता गंमत ऐका. केवळ इंधन वाचवण्याला गुण ठेवले, तर यंत्र भर रस्त्यात उभे राहायला शिकते! उभ्या गाडीइतकी काटकसर कोण करणार? म्हणून शिकवणाऱ्यांनी पुढच्या गाडीपासूनच्या अंतराला मर्यादा घातल्या, आणि मागून येणाऱ्या गाड्यांचे इंधनही हिशेबात धरले. तेव्हा कुठे यंत्राचा आपमतलबीपणा आवरला.

मंडळी, हे आम्हाला नवे नाही. खेपेवर पैसे दिले की ड्रायव्हर जेवण सोडतो, झोप सोडतो. अपघात झाला की लोक त्याला बेफिकीर म्हणतात; खेपेचा दर ठरवणाऱ्याचे नाव कुणी काढत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात नितीन गडकरी यांनी सांगितले, की ड्रायव्हरांची रोजी जाईल म्हणून बिनचालकाच्या मोटारी देशात येऊ देणार नाही. त्याचे आम्हाला बरे वाटले. पण मंत्र्याच्या शब्दावर विसंबून झोपणे कामगाराला परवडत नाही. यंत्र एकदम येणार नाही. मदतनीस म्हणून हळूहळू शिरेल. त्या दिवशी त्याचे गुण कोण ठरवणार? मालकाचे डिझेल तेवढे मोजणार, की ट्रॉलीवर बसलेला ऊसतोड मजूर आणि सायकलवरून गोकुळ शिरगावला कामावर निघालेला माणूसही मोजणार? ज्या बैठकीत हे ठरेल, तिथे ड्रायव्हरला खुर्ची हवी. एवढी मागणी आपल्यापुढे ठेवून आम्ही रजा घेतो.