डबीवरचा आकडा आणि कागदावरचं भोक

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: एअर रायफलसाठी सगळ्यात अचूक पेलेट कोणतं? नाव सांगा, आम्ही ऑर्डर करतो. तर आधीच सांगतो, नाव मी सांगणार नाहीये. का, ते ऐका.

माझी मावसबहीण कोल्हापूरला १० मीटर एअर रायफल खेळते. गेल्या वर्षी एका स्पर्धेत पुढच्या फेरीसाठी ती ०.४ गुणांनी राहिली. साठ शॉट्स, पूर्ण गुण ६५४, आणि ०.४! त्या रात्री तिचा फोन आला, "दादा, माझं कायतरी चुकाय लागलंय. होल्ड तसाच हाय, पण शॉट कुठं जातोय कळंना." सरावात साधारण ६१७ मारणारी पोरगी दोन महिने ६१५ वर अडकलेली. सर म्हणत होते ट्रिगर बघ, मावशी म्हणत होती मोबाइल कमी कर. मावशीचं हे सगळ्यालाच असतं म्हणा.

मी म्हटलं, एकदा पेलेट तपासू. मी स्वतः फक्त सुट्टीत नेम धरणारा माणूस, पण डीबगिंग हे आपलं रोजचं काम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं स्थिर.

आता हे पेलेट म्हणजे काय, दोन मिनिटांत. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, मॅच रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचा. डमरूसारखा आकार, मध्ये कंबर. पुढचं डोकं चपटं असतं, कारण त्याने कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं. मागचा पातळ घेर म्हणजे स्कर्ट, तो हवेच्या दाबाने फुलून नळीला घट्ट बसतो. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ते डोक्याच्या व्यासाचे. प्रत्येक नळीला यातलं वेगळं काहीतरी आवडतं. म्हणून 'सगळ्यात अचूक पेलेट' असं काही नसतं, 'या नळीला, या डबीतलं' असं असतं. ५० मीटरवाले तर काडतुसांचे वेगवेगळे लॉट कंपनीच्या टेस्ट रेंजवर स्वतःच्या रायफलमधून मारून बघतात आणि मग तोच लॉट घेतात. आपल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ आणलं तो प्रकार हाच, .२२ चा.

आम्ही काय केलं? माणसाचा हात बाजूला काढायला रायफल व्हाइसमध्ये बसवली. उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून व्हाइस आणला, जबड्याला जाड रबर लावलं आणि पकड लाकडी भागावर दिली. नळी किंवा सिलिंडर आवळायचा नाही, ग्रुप तिथेच बिघडतो. चार डब्या होत्या. एक तिची रोजची, एक गेल्या वर्षीच्या बॅचची उरलेली अर्धी, आणि एका महागड्या ब्रँडच्या दोन, ४.४९ आणि ४.५० च्या. बहिणीने डब्यांची नावं झाकून अ, ब, क, ड चिठ्ठ्या लावल्या. मोजणारा मी, पण कोणती डबी कोणती हे मला माहीत नाही. महागडी डबी हातात असली की व्हर्निअरसुद्धा कमी दाखवायला लागतो. [हसतो]

आता इथे बहुतेक लोक चुकतात. पाच शॉट मारतात, भोकं जवळजवळ दिसली की "हेच!" म्हणून दहा डब्या मागवतात. मी आदल्या रात्री पायथॉनमध्ये छोटं सिम्युलेशन लिहिलं होतं. अगदी एकसारख्या आठ डब्या, फरक शून्य, प्रत्येकीचा पाच शॉटचा एक ग्रुप. सगळ्यात मोठा ग्रुप सगळ्यात लहानाच्या दुपटीच्या आसपास निघतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे फरक नसतानाही एक 'विजेती' डबी मिळतेच! आणि एकाने पाच शॉट मारले, दुसऱ्याने दहा, तर तुलनाच करू नका. त्याच पेलेटचा दहाचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाव पट मोठाच येतो.

म्हणून आम्ही प्रत्येक डबीचे दहा-दहाचे तीन ग्रुप घेतले, तेही उलटसुलट क्रमाने. अ-ब-क-ड झालं की ड-क-ब-अ. सिलिंडरचा दाब, हॉलमधली उष्णता, काहीही हळूहळू बदललं तर एकाच डबीला त्रास नको. डबी बदलली की पहिले पाच-सात शॉट मोजायचे नाहीत, नळीला नवीन शिशाची सवय होऊ द्यायची. दोन रविवार गेले. मावशीने दोन्ही वेळा पोहे पाठवले, आणि ते खायच्या आधी साबणाने हात धुतले, कारण शिसं आहे ते. हे विसरू नका.

मोजणी सोपी. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं जास्तीत जास्त अंतर घ्यायचं, त्यातून ४.५ वजा करायचे. सरासरी अशी आली: अ १.९ मिलिमीटर, ब १.२, क १.१, ड १.२.

चिठ्ठ्या काढल्या. अ म्हणजे तिची रोजची डबी. बहीण एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजे मी नव्हते?" मी लगेच दुकानदाराला फोन लावायला निघालो होतो की तुमची बॅच खराब आहे. तिनेच अडवलं. त्याच बॅचची एक सीलबंद डबी कपाटात होती, ती मारून बघू म्हणाली. मारली. १.२.

मग पेलेट पांढऱ्या कागदावर उभे करून बॅटरीच्या उजेडात बघितले. वीसात तीन-चार स्कर्ट किंचित चेपलेले! ती डबी रोज स्कूटरच्या डिकीतून रेंजवर जायची. अर्धी रिकामी डबी, खाली पाना, वर लॉक, आणि आपले रस्ते. शिसं मऊ असतं, दुसरं काय होणार?

मग हिशोब केला, कारण १.९ आणि १.२ चा गुणांवर परिणाम किती हे कळायला हवं. दोन्ही चुका सरळ मिळवायच्या नसतात, वर्ग करून मिळवायच्या आणि वर्गमूळ घ्यायचं, बारावीतलंच. या टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे केंद्रापासून पाव मिलिमीटर. तिच्या हाताचा पसारा धरून, चेपलेल्या डबीमुळे साठ शॉट्समध्ये दीड ते पावणेदोन गुण जात होते. आणि १.२ ऐवजी अगदी एक मिलिमीटरचं पेलेट शोधलं असतं, तर मिळाले असते जेमतेम ०.३. क आणि ड मधला फरक तर मोजणीच्या गोंगाटातच बुडतो. म्हणून महागडी डबी परत कपाटात गेली.

आता डबीच्या झाकणाखाली फोमची चकती असते, डबी पाठीवरच्या बॅगेत असते, आणि स्टिकरवरचा बॅच नंबर वहीत लिहिलेला असतो. स्कोअर परत ६१७ च्या आसपास आहे. त्या ०.४ चं काय, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "दादा, तो विषय नको." मीही परत काढला नाही.

तुमच्या ग्रुपचे फोटो पाठवा, पण दहाचे, पाचचे नकोत. पुढच्या भागात भेटू.