तरुणांचे नेतृत्व : स्पर्धा की सहकार्य?

(केज येथे मंडळाच्या कार्यकर्ता व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आपल्यापुढे चार शब्द मांडणार आहोत. उद्याचे नेते कसे घडवावेत, त्यांना एकमेकांशी झुंजायला लावून की एकमेकांबरोबर काम करायला लावून, हा आजचा विषय आहे. विषय विद्यार्थ्यांचा दिसतो, पण खरी परीक्षा आम्हा वडीलधाऱ्यांचीच आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जयंतीनिमित्त आम्ही वक्तृत्व स्पर्धा घेतली. वीस-पंचवीस मुले-मुली आली. निकाल लागला, एकाला ढाल मिळाली, आणि उरलेली मुले अध्यक्षीय भाषण सुरू होण्यापूर्वीच उठून गेली. पुढच्या वर्षी वाड्या-वस्त्यांवरची मुले फिरकलीच नाहीत. एका मुलीला कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "काका, तिथं दरवर्षी केजच्याच पोरांचा नंबर लागतो." ज्याला ढाल मिळाली तो मुलगा हुशार होता, आज चांगल्या नोकरीत आहे. पण वस्तीच्या कोणत्याही कामात तो पुन्हा दिसला नाही. आम्ही त्याला दोष देत नाही. एकट्याने पुढे जाण्याचे बक्षीस आम्हीच त्याला दिले होते. मागे वळून पाहायला आम्ही शिकवलेच नव्हते.

बाबासाहेबांनी तरुण कसे घडवले ते आठवा. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत आजच्या मिलिंद महाविद्यालयाचा आरंभ झाला. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातील गरीब मुलाला पदवीचा दरवाजा उघडा झाला तो नागसेनवनात. सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. तेथे एक बाजू मांडायची, दुसरी ऐकायची, विरोध करायचा आणि बहुमताचा निर्णय मानायचा, असे शिक्षण होते.

जुलै १९५६ मध्ये, प्रकृती खालावलेली असताना, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय काढले. पहिल्या तुकडीत अवघे १५ विद्यार्थी होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर मार्च १९५७ मध्ये ते बंद पडले. मित्रहो, या घटनेची आपण फारशी चर्चा करत नाही. नेतृत्व आपोआप जन्माला येत नाही, ते शिकवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच वर्षी १८ मार्चला आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्या वर्गाबद्दलची व्यथा बोलून दाखवली होती. शिकून वर गेलेले समाजाकडे पाहत नाहीत, ही ती व्यथा.

पुढे काय झाले? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत 'दुरुस्त' व 'नादुरुस्त' असे गट पडले. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तिच्यातही दोन वर्षांत फूट पडली. याउलट, जेव्हा जेव्हा माणसे एकत्र उभी राहिली तेव्हा काय घडले? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले आणि बायाबापड्या तुरुंगात गेल्या. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नाव बदलले. मधली सोळा वर्षे गावोगावच्या साध्या माणसांनी घरेदारे जळताना पाहूनही माघार घेतली नाही. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन नेते एकत्र आले, काँग्रेसशी समझोता केला आणि अकोला, अमरावती, चिमूर व उत्तर-मध्य मुंबई या चार सर्वसाधारण जागांवरून चार खासदार निवडून गेले. पुन्हा गट झाले आणि ते बळ विखुरले.

आपल्याकडे कर्तबगार माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. दुसऱ्याच्या हाताखाली, दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून काम करण्याची सवय कमी पडली. ही सवय चाळिसाव्या वर्षी लागत नाही, पंधराव्या वर्षी लावावी लागते. आमचा केज विधानसभा मतदारसंघ १९७८ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव जागा हा आपला हक्क आहे. पण जागा एक आणि इच्छुक अनेक, अशा वेळी तरुण एकमेकांचे पाय ओढू लागले तर त्या हक्काचे मोल घटते. आणि निवडणूक कशाला, एका वस्तीत दोन जयंत्या, दोन मिरवणुका आणि वर्गणीची दोन पावतीपुस्तके आपण पाहतोच ना?

येथे विद्यार्थी विचारतील, "सर, आम्हांला तर स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. स्पर्धा सोडून कसे भागेल?" प्रश्न रास्त आहे. परीक्षा जरूर द्या, पहिले या. बाबासाहेबांइतका कठोर अभ्यास कोणी केला? मात्र त्यांची स्पर्धा ग्रंथांशी आणि अज्ञानाशी होती, शेजारच्या बाकावरील मुलाशी नव्हती. अभ्यासिकेत नोट्स लपवून ठेवणारा मुलगा कदाचित अधिकारी होईल, पण पुढारी होणार नाही. पद परीक्षेतून मिळते, नेतृत्व मात्र लोकांच्या विश्वासातून येते.

भगवान बुद्धांच्या काळातील कोसंबीची गोष्ट आपणांस ठाऊक असेल. पाण्याच्या भांड्यावरून निघालेल्या क्षुल्लक वादात भिक्खूंचे दोन तट पडले. भगवंतांनी समजावले, तरी ते ऐकेनात. तेव्हा भगवंत एकटेच निघून गेले. वाटेत प्राचीनवंस वनात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे राहत होते. त्यांचे राहणे दूध आणि पाणी मिसळावे तसे होते. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडी, पाणी ठेवी. जो शेवटी येई तो झाडलोट करी. पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसे तो भरी, आणि एकट्याला उचलला नाही तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी. तेथे कोणाचा हुकूम नव्हता आणि क्रमांकही नव्हता. इकडे कोसंबीच्या उपासकांनी भांडणाऱ्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले, तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले आणि त्यांनी समेट केला. यातून आपण उपासकांनीही बोध घ्यावा. जो भांडण लावतो त्याच्या गळ्यात हार घालणे आपण थांबवले पाहिजे.

सहकार्य म्हणजे मतभेद नसणे, असे मात्र नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, भिक्खू संघाला ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे नियम ठाऊक होते. संघात ज्ञप्ती मांडली जाई आणि शलाका घेऊन मते मोजली जात. भांडण टाळण्यासाठी नियम हवेत, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे ज्ञान आपल्या घरचेच आहे.

दूरचे एक उदाहरण सांगतो. १९७१ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली आणि तंटे सुरू झाले. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे छोटे गट केले. धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला आणि तो त्याने इतरांना शिकवायचा, असे ठरवले. परीक्षा प्रत्येकाची वेगळी, पण दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. ज्याला हिणवत होते त्याच्याकडेच शिकायला बसावे लागले. ही पद्धत आपल्या समाजमंदिरात आणायला पैसा लागत नाही.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, जयंती एकच, पावतीपुस्तक एकच, आणि हिशेब तरुणांनी भर सभेत वाचून दाखवावा. समितीचे अध्यक्षपद दरवर्षी बदलावे आणि एका वर्षाआड ते मुलीकडे असावे. दुसरी, अभ्यासवर्गात चार-पाच जणांचे गट करावेत, प्रत्येकाने एक विषय इतरांना शिकवावा. तिसरी, वक्तृत्वाच्या ढालीऐवजी गटाला काम द्यावे. दिवाळीच्या आसपास आपल्या भागातील कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे आजी-आजोबांकडे कोणती मुले राहिली, कोणाची शाळा सुटली, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा जातीचा दाखला अडला, याची यादी गटाने करावी आणि तहसील कचेरीपर्यंत पाठपुरावा करावा.

ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, जोडपे असते. एक तोडतो, दुसरा मोळी बांधतो. एकाने हात आखडला तर दोघांचीही उचल फिटत नाही. आपल्या आई-बापांनी फडात जे सोसून शिकले ते आपण पुस्तके वाचून विसरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, आपण गावी नसताना आपले काम पुढे चालवणारी किती माणसे आपण तयार केली, यावरून आपल्या नेतृत्वाची परीक्षा करा. त्या वस्तीवरच्या मुलीला यंदा आम्ही पुन्हा बोलावले आहे, आणि या वेळी तिचा नंबर विचारणार नाही, तिने कोणाकोणाला बरोबर आणले ते विचारणार आहोत.