भरपाईचा वेळ



लेखनिक घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यास परीक्षेत मिणाऱ्या वेळेला आपण सवयीने ‘जादा वेळ’ म्हणतो. केंद्र शासनाने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत हा शब्दच बदलून ‘भरपाईचा वेळ’ असा केला: तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास. उत्तर सांगणे, ते उतरवून घेणे, पुन्हा वाचून ऐकणे यांत गेलेला वेळच परत द्यावयाचा असतो. यात कृपा कसली?

पण वर्षभर वर्गात जे हुकते, त्याची भरपाई कोणती? आपण फळ्याकडे तोंड करून ‘हे पद तिकडे नेले’ म्हणतो. अंध विद्यार्थ्यास ‘हे’ कळत नाही. ओठांवरून बोलणे ओळखणाऱ्यास तर काहीच कळत नाही. समीकरण उच्चारून लिहावे, बोलताना वर्गाकडे वळावे. यास ना अनुदान लागते, ना परिपत्रक.

प्रमाणपत्र मात्र भर वर्गात मागू नये. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्याचे अपंगत्व दिसतही नाही. अशाच एका उमेदवाराचा लेखनिकाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्य केला. विद्यार्थ्यास सत्रारंभीच एकट्याला बोलावून विचारावे, ‘तुला काय सोयीचे पडते?’